गाउसीय पूर्णांकांत ५ चे मूळ अवयव दोन प्रकारे पडतात का?

नाही, दोन्ही एकच. गाउसीय पूर्णांक म्हणजे अ + ब×आय अशा संख्या; यात अ, ब साधे पूर्णांक आणि आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. तुम्ही ५ = (२+आय)(२−आय) आणि ५ = (१+२आय)(१−२आय) असं लिहिलंय. आता आय(२−आय) गुणून बघा: आय² = −१, म्हणून १+२आय मिळतं. १, −१, आय, −आय ही एककं, म्हणजे १ ला निःशेष भागणाऱ्या संख्या. त्यांनी गुणून नवा अवयव होत नाही.

५ फुटतो, कारण ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी ३ उरली तर मूळ संख्या अभंग राहते. आमच्या कोल्हापूरचा एसटीडी कोडच घ्या, ०२३१. २३१ = ३×७×११, तिन्हींची बाकी ३, त्यामुळे गाउसीय पूर्णांकांतही यापुढे काही फुटत नाही. शिकवणीत हे फळ्यावर मांडलं की पोरं लगेच आपापल्या गाडीचे नंबर फोडायला बसतात. २ मात्र निराळा: −आय(१+आय)², एकच अवयव दोनदा.