‘किती शांत आहे बघा!’

"पहिल्या बाळंतपणातलं अजून डोक्यातून जात नाही. आता परत दिवस गेलेत. डूला ठेवली तर या वेळी सगळं नीट होईल का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो. (डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी, त्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई.) बहुतेकदा सहाव्या-सातव्या महिन्यात, आणि बहुतेकदा नवरा खाली गाडी लावत असताना, घाईघाईत.

एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ती आली तेव्हा सहावा महिना संपत आला होता. थोरला चार वर्षांचा. त्याच्या वेळी रात्रभर कळा चालल्या होत्या. जो येई तो काही न सांगता आतून तपासून जाई, एकदा तर पाठोपाठ तिघं. ती ओरडली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "तेव्हा बरं वाटलं होतं ना?" शेवटी पोटावर दाब देऊन बाळ काढलं. टाके घालताना भूल पुरती चढली नव्हती. कागदावर नोंद झाली ‘नॉर्मल’. घरी सगळे म्हणाले, बाळ गोड आहे ना, मग विसर आता.

ती विसरली, असं तिलाही वाटत होतं. फक्त मुलाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात दर वर्षी ती आजारी पडायची. लग्नाच्या पंगतीत कोणी स्टीलचा ट्रे आपटला की तिला दरदरून घाम फुटायचा.

इथे माझीच चूक झाली. भीती कळांची असणार, असं मी धरून चालले. दोन बैठका श्वास, वेदना कमी करायचे उपाय, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल) यांवर गेल्या. ती "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली. तिसऱ्या खेपेला मी त्या तपासण्यांबद्दल विचारलं आणि ती एकदम शांत झाली. चेहरा अगदी निवांत. फक्त उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर घासायला लागला, हळूहळू, एकसारखा.

"काय होतंय?"

"काही नाही."

बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी इथे नव्हते. फरशा मोजत होते. तेव्हाही मोजल्या होत्या. भिंतीवर अकरा ओळी होत्या."

घाबरलेलं माणूस ओरडतं, हात झटकतं, पळतं. पळायची सोय नसेल तेव्हा शरीर गोठतं आणि मन तिथून निघून जातं. लेबर रूममध्ये हे कोणाला दिसत नाही. दिसते ती गुणी पेशंट.

मी तिला डूला सुचवली ती यासाठी. डूला म्हणजे सुईण नाही आणि नर्सही नाही. ती तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांशी भांडायला तर मुळीच नसते. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत ती त्या एकीजवळच असते. ड्यूटी बदलली तरी ती बदलत नाही. अशा अखंड सोबतीवर १७ देशांत मिळून पंधरा हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झालाय. सोबत असलेल्यांच्या कळा सरासरीनं थोड्या कमी वेळ चालल्या, सिझर कमी झाली, आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं म्हणणाऱ्याही कमी होत्या. पण ‘सगळं नीट होईल’ अशी हमी कोणी देत असेल, तर तिच्याकडे जाऊ नका. आपल्याकडे डूलांसाठी सरकारी नोंदणी नाही, तेव्हा प्रशिक्षण कुठे घेतलं, आघातातून गेलेल्या बायकांबरोबर काम केलंय का, हे सरळ विचारा. आणि डूला म्हणजे उपचार नव्हेत. दुःस्वप्नं पडतात, दवाखान्याच्या वासानं छाती धडधडते, तपासण्या टाळल्या जातात, असं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. आमच्याही बैठका शेवटपर्यंत चालू होत्या.

खरा पेच घरात झाला. तिच्या आई माझ्याकडे येऊन बसल्या. "मी असताना परकी बाई कशाला? आम्ही नाही का बाळंत झालो?" त्या दुखावल्या होत्या, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. आपल्या सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यायला मान्यता दिली, तीही आधी घरच्याच बाईचा विचार करून, शक्यतो स्वतः त्यातून गेलेली. पण मी त्यांना विचारलं, मागच्या वेळी तुम्ही कुठे होतात? "दाराबाहेर. तिचा आवाज ऐकत." थोडं थांबून म्हणाल्या, "मला नाही बघवायचं."

मग जोडप्यानं डॉक्टरांची वेळ घेतली, सातव्या महिन्यातच. (कळा सुरू झाल्यावर दारात उभं राहून हे विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं.) आत एक जण चालेल, ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी नाही, असं ठरलं. आम्ही अर्ध्या पानाचा मराठी कागद केला आणि फाइलच्या वरच लावला. त्यात मोजकंच होतं. हात लावण्याआधी नाव घेऊन सांगा. एका वेळी एकानंच तपासा. मी ‘थांबा’ म्हटलं की, जिवाला धोका नसेल तर, थांबा. चौथं वाक्य तिनं स्वतः लिहिलं: ‘मी गप्प झाले म्हणजे मी बरी आहे असं नाही.’ अंगठ्याची खूण डूलाला माझ्यासमोर तिनंच दाखवली.

कळा पहाटे सुरू झाल्या. पुढचं तिनं सांगितलेलं. दुपारी नवीन ड्यूटीच्या सिस्टर तपासायला आल्या. चांगल्या होत्या, सांगून तपासत होत्या. तेवढ्यात शेजारी कोणीतरी ट्रे ठेवला. ती गप्प झाली. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "किती शांत आहे बघा!" डूलानं अंगठा पाहिला. "सिस्टर, एक मिनिट देता?" सिस्टरनी हात काढला. डूला तिच्या कानाशी वाकली आणि ठरल्याप्रमाणे तिचं नाव, आजचा वार, खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगितलं. खिडकीबाहेर जनरेटर होता. तिला हसू आलं, मग रडू. मग तिनंच सांगितलं, "आता तपासा."

झालं ते सिझरच. सात सेंटिमीटरवर पिशवीचं तोंड अडलं आणि बाळाचे ठोके उतरायला लागले. डूला दाराशी राहिली. आत भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिनं स्वतःच सांगितलं, हात लावण्याआधी मला सांगा. त्यांनी सांगितलं. एकदा विसरले, तेव्हा तिनं पुन्हा सांगितलं.

बाराव्या दिवशी डूला घरी भेटायला गेली. आईंनी डिंकाचा लाडू पुढे केला आणि विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" डूला म्हणाली, "मला नाहीत." आई जरा गोंधळल्या. मग दुसरा लाडू कागदात बांधून दिला. खर्च वाया गेला असं त्या अजूनही म्हणतात, पण आता ते मुलीसमोर म्हणत नाहीत.

आठव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन माझ्याकडे आली. मी ऑपरेशन थिएटरबद्दल विचारलं. ती सांगत होती, तिथली थंडी, हिरवा पडदा, मग तिचा आवाज बारीक झाला. बाळाच्या दुपट्याखाली अंगठा हलायला लागला होता. मी काही म्हणणार, तोच ती म्हणाली, "मॅडम, आज इतकंच."

आम्ही तिथेच थांबलो.