‘सेवा-संशोधन’ नको, ठाव म्हणा

आमच्या नागपूरच्याच एका वाचकाने विचारलं आहे : “कुबरनेटीसवर मराठीत टिपणं लिहितो आहे. ‘कंटेनर’ला ‘धारक’ आणि ‘सर्व्हिस डिस्कव्हरी’ला ‘सेवा-संशोधन’ म्हटलं तर चालेल का?”

कुबरनेटीस म्हणजे अनेक संगणकांवर सॉफ्टवेअर चालवणारी, सांभाळणारी प्रणाली. तिच्यात कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा, आणि सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणजे हवी ती सेवा कुठे चालू आहे हे शोधणं. कंटेनर कंटेनरच राहू द्या. मालाच्या डेपोत ते चढवणारा-उतरवणारा माणूस हाच शब्द बोलतो. धारक असतो परवान्याचा नाहीतर शिधापत्रिकेचा.

‘सेवा-संशोधन’ मात्र कानाला सहन होत नाही. मुळात ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ करणं. वैद्य पारा ‘शोधतात’ तो याच अर्थाने. त्यातून हिंदीने ‘संशोधन’ दुरुस्तीसाठी घेतलं, मराठीने अभ्यासासाठी. म्हणून तिकडचं ‘संविधान संशोधन’ ही आपली घटनादुरुस्ती. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी, त्यामुळे इथे दोन्ही भाषांचा कारभार शेजारीशेजारी चालला. आजही मराठी सूचनाफलकावर ‘संशोधित दर’ वाचतो आणि संताप येतो. ‘सुधारित’ हा शब्द काय वाईट आहे? कोशकार डॉ. रघुवीरांनी याच शहरात राहून संस्कृत धातूंना उपसर्ग जोडत शब्दांचं प्रचंड भांडार उभं केलं. त्यांच्या विद्वत्तेपुढे मी नम्र आहे. पण त्या पद्धतीत शब्द आधी घडतो आणि बोलणारा मागाहून शोधावा लागतो, हा तिचा दोष मोठा आहे.

आता क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहात, खरोखर काय घडतं ते पाहा. एक पॉड (सोबत चालणाऱ्या एक वा अधिक कंटेनरांचा गट) मेला की त्याच्या जागी दुसरा उठतो, कधीकधी वेगळ्या नोडवर, म्हणजे समूहातल्या दुसऱ्या संगणकावर, नवा आयपी पत्ता घेऊन. तो पत्ता कोण लक्षात ठेवणार? म्हणून ‘सर्व्हिस’ला एक कायमचं नाव आणि कायमचा पत्ता देतात. ॲप्लिकेशन नाव विचारतं, क्लस्टरमधली नावं-पत्ते सांभाळणारं कोअरडीएनएस पत्ता सांगतं आणि तिथे गेलेली मागणी चालू असलेल्या एखाद्या पॉडकडे वळवली जाते. आमच्याकडे तर्री-पोह्याची गाडी आज या कोपऱ्यावर, उद्या त्या. आपण पानठेल्यावर जातो आणि विचारतो, “पोहेवाला कुठं उभा आहे?” ठेलेवाला हात दाखवतो. यात संशोधन कुठे आलं? हा ठावठिकाणा विचारणं झालं.

आणि ‘ठाव’ काय सुंदर शब्द आहे! संस्कृत ‘स्था’चा प्राकृतात ‘ठा’ झाला आणि मराठीभर पसरला : ठाण, ठाणं, ठेवणं, ठेव. पॉड ‘उठतो’ म्हणालो ना, तेही उत् अधिक स्था. पण मला मोह आहे तो ‘ठाऊक’चा. जुन्या मराठीत ‘ठावें’ म्हणजे माहीत असलेलं. माझं ठाम मत आहे की हे ‘ठाव’चंच लेकरू : ज्याची जागा माझ्यापाशी पक्की आहे, ते मला ठाऊक. (‘ठाम’ही त्याच घरचा.) म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं आणि तिची जागा माहीत असणं, यांत मराठीने अंतरच ठेवलं नाही. सर्व्हिस डिस्कव्हरीला याहून चपखल शब्द कुठे मिळणार?

काही अभ्यासक पाण्याचा ‘ठाव’ वेगळा काढतात आणि हिंदी ‘थाह’शी त्याची सोयरीक लावतात. मला हे अजिबात पटत नाही. ‘थाह’चा सख्खा आपल्याकडे ‘थांग’ आहे, थ सांभाळून बसलेला. ठाव म्हणजे पाय टेकतो ती जागा, ती जमिनीवर असो की पाण्याखाली. आमची आजी विहिरीत पडलेली बादली काढायला दोराला गळ बांधून सोडायची. दोर हातातून सरसर जायचा आणि एकदम सैल पडायचा. ती म्हणायची, “ठाव लागला.” मग त्या ठावावर गळ हळूहळू फिरवायची, कडीत अडकेपर्यंत.