दुपारी बंद पडणारी मारुती, आणि पंपाची निवड

प्रश्न : माझी 1996 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली. वसमतहून नांदेडला निघालो की उन्हाळ्यात दुपारी हमखास बंद पडते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओला फडका टाकून अर्धा तास थांबलं की चालू होते. दुकानात दोन पंप दाखवले, एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. मेहुणे म्हणतात, इलेक्ट्रिकच बसवून टाका. काय करू?
– एक वाचक, वसमत

उत्तर : भाऊ, ओल्या फडक्यानं गाडी चालू होते म्हणजे पंप गेलाच असं धरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलची नळीतच वाफ होते, आणि वाफ ओढणं या पंपाच्या आवाक्यातलं नाही. मात्र फिल्टर तुंबलेला असेल किंवा पंप थकलेला असेल तर हे लवकर होतं. म्हणून आधी फिल्टर बदला. पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण सैल करून बघा. हवा आत जाताना ‘सूं’ वाजलं तर दोष झाकणाचा, त्याचं हवेचं भोक बुजलेलं असतं.

तरीही पंप घ्यायचाच, तर जुना काढून सोबत न्या. नळ्या तितक्याच आणि त्याच बाजूला हव्यात, इंजिन जी हलवतं त्या दांडीचा बाक तोच हवा. काउंटरवरच पेट्रोल ओढणाऱ्या नळीवर बोट ठेवून दांडी दाबा. बोट ओढलं गेलं पाहिजे आणि ती ओढ काही क्षण टिकली पाहिजे. लगेच सुटली तर पंप तिथंच परत करा. आणखी एक विचारा, आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा रबरी पडदा, इथेनॉल सोसणारा आहे का? आता पेट्रोल भरायला गेलं की मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं. मी असतो तर दुप्पट पैसे याच एका गोष्टीसाठी दिले असते.

पंप आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड ठोकळा असतो. नव्या खोक्यात तो बऱ्याचदा नसतो, आणि घाईतला मिस्त्री पातळ कागदी पॅकिंग लावून मोकळा होतो. मग इंजिनाची धग थेट पंपात, शिवाय दांडी जास्त दाबली जाते. जुना ठोकळा तडकला नसेल तर तोच लावा.

मेहुण्यांना सांगा, इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर मुळीच नको. कार्बोरेटरला पाव किलो दाब पुरतो, तो पंप तीन किलोच्या आसपास मारतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो दाब धरत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. कमी दाबाचे इलेक्ट्रिक पंप मिळतात, पण इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत ते पेट्रोल ढकलत राहतात. ते आपोआप तोडणारी सोय वायरिंगमध्ये करणारा माणूस असेल तरच त्या वाटेला जा.

जुना पंप काढल्यावर ऑइलच्या पट्टीचा वास घ्यायला विसरू नका. माझ्या फियाटचा डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. मी नुसता पंप बदलला, पेट्रोलनं पातळ झालेलं ऑइल तेच ठेवलं, आणि मांजरसुंब्याच्या घाटात बेअरिंग वाजायला लागली. पट्टीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही त्याच दिवशी बदला.