दारावरचं दुसरं दार: वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की सेफ्टी डोअरबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यातले चार.

जुन्या चौकटीवरच सेफ्टी डोअर बसेल का? (डोंबिवली)

चौकट भिंतीत हलत नसेल आणि दोन्ही दारांची हँडलं एकमेकांना अडत नसतील तर बसेल. मापं घ्यायला सुताराला घरी बोलवा, फोटोवरून होकार घेऊ नका.

दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. म्हणजे ३०४ स्टील नक्की ना? (रत्नागिरी)

अजिबात नाही. स्वस्तातल्या २०२ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला तरी कुठे धड चिकटतं? तेच खाऱ्या हवेत लवकर गंजतं. माल खपवायची ही जुनी चलाखी आहे. बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्र अगदी जवळ असेल तर खाऱ्या हवेत जास्त टिकणारं ३१६ ग्रेडचं परवडतं का, तेही विचारा.

चोरीच्या भीतीने रात्री जाळीच्या दाराला आतून कुलूप घालतो, चावी देव्हाऱ्यामागे असते. दार बाहेर उघडणारं करायचंय, पण सोसायटी नाही म्हणते. (ठाणे)

ते कुलूप घालणं आज रात्रीपासून थांबवा, पुढच्या सभेची वाट पाहू नका. घरात धूर भरला की दिवे गेलेले असतात, डोळे उघडत नाहीत आणि रोजच्या जागेवरची चावीसुद्धा हाताला लागत नाही. बाहेरून चावी आणि आतून नुसती फिरवायची मूठ, असं लॉक बसवा. जाळीतून हात घालून चोर मूठ फिरवेल ही भीती खरी आहे, म्हणून मुठीभोवती हात पोचणार नाही एवढ्या भागात जाळीऐवजी पत्रा लावून घ्या. मग घरातल्या आजींना आणि मुलांना डोळे मिटून दार उघडायला लावा. जमलं नाही तर लॉक बदला. 'कडी-कुलपाशिवाय झोपच लागत नाही' हे मला सांगू नका.

दाराच्या दिशेबाबत सोसायटीचं ऐका. पल्ला पॅसेज अडवत असेल तर तुम्ही शेजाऱ्यांची सुटकेची वाट अडवताय. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतल्या अग्निसुरक्षा यंत्रणेचा दाखला जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. त्या एजन्सीच्या माणसाला तुमचं दार दाखवा आणि मगच सुताराला बोलवा.

मुख्य दार काळं, पश्चिमेच्या उन्हात. त्याच्या बाहेर पूर्ण काचेचं स्टॉर्म डोअर (वारा-पाऊस अडवणारं दुसरं दार) लावू का? (एडिसन, न्यू जर्सी)

तसं नको. दोन दारांमध्ये ऊन कोंडतं आणि गडद दारावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वाकतात. उन्हाळ्यात काच काढून जाळी बसवता येईल असं घ्या. आधी मुख्य दाराच्या कंपनीला विचारा, काहींची वॉरंटी स्टॉर्म डोअर लावलं की जाते. बसवणाऱ्याला बजावा की खालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं सिलिकॉनने बुजवायची नाहीत.