अमेरिकेत नवीन येताना फोन कोणाकडून घ्यावा: व्हेरायझन, ए टी अँड टी की टी-मोबाइल?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याचं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीतल्या एडिसनला यायचं ठरलंय, ऑक्टोबरमध्ये दोघं येताय, तिन्ही मोबाइल नेटवर्क कंपन्यांच्या साइटवर फोन बघून बघून डोकं गरगरायला लागलंय, तर कोणाकडे चांगले फोन आहेत आणि कोणाकडून घ्यावा. मी इथे पंधरा वर्षं आहे, नवीन आलेलं कोणी ना कोणी हे विचारतंच, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे, फोन कोणाकडे चांगले हा प्रश्नच आता उरलेला नाही. तिघांच्या दुकानात जाऊन या, एका भिंतीवर आयफोन, समोर सॅमसंग, कोपऱ्यात पिक्सेल आणि खाली कुठेतरी मोटोरोला, संपलं. टी-मोबाइलचा स्वतःच्या नावाचा रेव्हल म्हणून एक स्वस्तातला फोन असतो, पण त्यासाठी कोणी कंपनी निवडत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्यांचे बोर्ड लागलेले असतात ते शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी इथे विकायलाच नसतात. म्हणजे तीन साड्यांची दुकानं आणि तिन्हीत त्याच चार साड्या, फक्त पिशवीचा रंग वेगळा.

मी २०१० मध्ये आले तेव्हा असं नव्हतं हं. तेव्हा आयफोन पाहिजे तर ए टी अँड टीकडेच जावं लागायचं, २००७ पासून त्यांच्याकडेच होता, व्हेरायझनकडे तो २०११ च्या फेब्रुवारीत आला आणि टी-मोबाइलकडे तर थेट २०१३ मध्ये. व्हेरायझनवाले तोवर मोटोरोलाचा ड्रॉइड खपवायचे, स्प्रिंट म्हणून चौथी कंपनी होती तिच्याकडे एचटीसीचा इव्हो होता, आणि लोक फोनसाठी कंपनी बदलायचे, ऑफिसात यावरून वाद घालायचे. त्यात व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमए, बाकीचे दोघं जीएसएम, म्हणजे नेटवर्कच्या दोन वेगळ्या पद्धती, त्यामुळे एकाचा फोन दुसऱ्याकडे बहुतेक चालायचाच नाही. माझा पहिला फोन सीडीएमएवाला होता, त्यात सिमसाठी जागाच नव्हती, नाशिकला नेला तर फक्त गजर लावायला उपयोगी पडला. आता स्प्रिंट राहिली नाही, २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये गेली, सीडीएमएपण २०२२ मध्ये बंद झालं, आणि इथे विकले जाणारे सगळे फोन तिन्हीकडे चालू शकतात.

चालू शकतात म्हटलं, चालू देतात असं नाही म्हटलं, आणि खरी गोम इथेच आहे.

दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात "फोन फुकट" लिहिलेलं असतं ते कसं चालतं ते सांगते. ८०० डॉलरचा फोन ३६ महिन्यांच्या हप्त्यावर देतात, म्हणजे महिन्याला साधारण २२ डॉलर बिलात लागतात, आणि त्याच बिलात खाली २२ डॉलरचं क्रेडिट दाखवतात, बेरीज शून्य. व्हेरायझन आणि ए टी अँड टीकडे हे ३६ महिने, टी-मोबाइलकडे बहुतेक ऑफर २४ च्या. पण विसाव्या महिन्यात तुम्ही कंपनी सोडलीत तर उरलेली क्रेडिटं गेली आणि उरलेले १६ हप्ते, साडेतीनशे डॉलरच्या वर, एकदम भरा. एच-वन-बी पहिल्यांदा जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो आणि हप्तेही ३६ महिन्यांचे, हा योगायोग मला अजून गमतीचा वाटतो, फक्त नोकरी ३६ महिने टिकेल याची हमी फोनवाले देत नाहीत. प्रोजेक्ट संपला आणि परत जायची वेळ आली तर सामानाच्या वजनाचं टेन्शन असताना वर हे.

शिवाय फुकट म्हणजे पूर्ण फुकट नसतं. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, तो फोनच्या पूर्ण किमतीवर पहिल्याच दिवशी घेतात, म्हणजे ८०० च्या फोनला ५३ डॉलर. वर ॲक्टिव्हेशनची फी वेगळी. आणि चांगली ऑफर बऱ्याचदा महागातल्या अनलिमिटेड प्लॅनलाच असते, एका लाइनला, म्हणजे एका नंबरला, महिन्याला ८०-९० डॉलर. त्याच व्हेरायझनच्या नेटवर्कवर त्यांचाच व्हिजिबल नावाचा स्वस्त ब्रँड २५ डॉलरपासून मिळतो, टी-मोबाइलच्या नेटवर्कवर मिंट १५ पासून, ए टी अँड टीचा क्रिकेट आहेच (हो, नावच क्रिकेट, आमच्या नवऱ्याला पहिले सहा महिने वाटायचं की हे मॅच दाखवतात). गर्दीच्या वेळी यांचा स्पीड थोडा मागे पडतो, पण नवऱ्याबायकोच्या व्हॉट्सॲप, मॅप आणि यूट्यूबला पुरून उरतो. आता तुम्हीच गुणाकार करा, ५०० डॉलरचा पिक्सेल रोख घेतला आणि २५ चा प्लॅन तीन वर्षं चालवला तर १४०० होतात, आणि "फुकट" फोनसोबत ८० चा प्लॅन तीन वर्षं म्हणजे २८८०. चार-पाच लाइनचं कुटुंब असेल तर मोठ्या कंपन्यांचा दर लाइनमागे बराच खाली येतो, तिथे हिशोब उलटू शकतो, पण तुम्ही दोघंच आहात.

आता लॉकबद्दल, म्हणजे फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालू न देण्याबद्दल, कारण मी स्वतः यात पोळलेय. २०१७ मध्ये भावाच्या लग्नाला नाशिकला गेलो, दोघांचे फोन हप्त्यावर घेतलेले, कंपनीचं नाव घेत नाही. विमानतळावरच सिम घेतलं, घातलं, तर स्क्रीनवर सिम चालणार नाही म्हणून मेसेज. कस्टमर केअरला फोन लावला तर ती बाई गोड आवाजात म्हणते, हप्ते फिटले की अनलॉक करू. तोपर्यंत रोमिंग वापरा, दिवसाला १० डॉलर फक्त. तीन आठवडे, दोन फोन, करा हिशोब. शेवटी बाबांनी कपाटातून त्यांचा जुना बटणाचा फोन काढून दिला आणि मी अख्ख्या लग्नात, मेंदीपासून पाठवणीपर्यंत, ते खेळणं कानाला लावून फिरले, सगळ्या मावश्या विचारतायत काय गं अमेरिकेत एवढेच पैसे मिळतात का.

ए टी अँड टी आणि टी-मोबाइल हप्ते पूर्ण फिटल्याशिवाय फोन अनलॉक करत नाहीत. व्हेरायझनचा बरीच वर्षं ६० दिवसांनी आपोआप अनलॉक असा नियम होता, लोक अजून त्याच्याच भरवशावर सल्ले देतात, तुम्ही मात्र घ्यायच्या दिवशीचा नियम लेखी बघा, दुकानातल्या पोराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मग भारतातूनच फोन आणावा का? आयफोन असेल तर बिनधास्त आणा, तिन्ही ठिकाणी चालतो. अँड्रॉइड असेल तर सांभाळून. ए टी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केल्यापासून त्यांच्या यादीत नसलेला फोन ते नेटवर्कवर घेतच नाहीत, मग तो कितीही नवा आणि महाग असो, भारतातले कित्येक फोन तिथेच अडकतात. टी-मोबाइल याबाबतीत सगळ्यात सैल आहे, पण त्यांचा लांब जाणारा सिग्नल बँड ७१ वर असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये तो बँड नसतो, म्हणजे रस्त्यावर फुल्ल आणि घराच्या आतल्या खोलीत मान टाकलेली. फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि तिन्ही कंपन्यांच्या साइटवर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हे कोणीच सांगत नाही पण आपल्या माणसांना सगळ्यात जास्त लागतं ते म्हणजे भारतातल्या नंबरचा ओटीपी. बँक, आधार, म्युच्युअल फंड, सगळं त्या नंबरला बांधलेलं. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन १४ पासून पुढे सिमच्या ट्रेशिवायच येतो, नुसता ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच भरलेलं सिम, त्यामुळे इथे येऊन नवा आयफोन घेतलात आणि खिशात जिओचं प्लॅस्टिकचं सिम आहे तर ते ठेवायचं कुठे? म्हणून निघायच्या आधी, भारतात असतानाच, दोघांचीही सिमं ई-सिम करून घ्या किंवा मग सिम बसेल असा एक जुना फोन ओटीपीसाठी सोबत ठेवा, इंटरनॅशनल रोमिंग तिथेच चालू करा, आणि कमीत कमीचा रिचार्ज मारत रहा नाहीतर नंबर हातचा जातो. माझ्या एका मैत्रिणीचा गेला, बँकेत नंबर बदलायला तिला पुण्याला जावं लागलं.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? आहे तो फोन चालत असेल तर तोच घेऊन आले असते, पहिल्या आठवड्यात प्रीपेड घेतलं असतं कारण त्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही, आणि तसंही क्रेडिट हिस्टरी, म्हणजे इथे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसताना हप्त्याच्या चांगल्या ऑफर नवीन माणसाला मिळायला त्रास होतो, कधी डिपॉझिट मागतात. घर मिळालं की मग टी-मोबाइल आणि व्हेरायझन ई-सिमवर फुकट ट्रायल देतात ती घेऊन घराच्या आत, बेसमेंटच्या लॉन्ड्रीत आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या वाटेवर बघितलं असतं, कारण कव्हरेजचा नकाशा बिल्डिंगच्या भिंती मोजत नाही. मग नवा फोन पाहिजेच असेल तर थेट ॲपलच्या नाहीतर बेस्ट बायच्या दुकानातून अनलॉक्ड. इथे एक बारीक गोष्ट, "अनलॉक्ड" हा शब्द पावतीवर बघा, कारण कधी कधी कंपनी जोडून घेतलेला फोन थोडा स्वस्त दाखवतात, २०२० मध्ये आयफोन १२ कंपनीसोबत ७९९ ला होता आणि सुटा ८२९ ला, त्या ३० डॉलरच्या मोहात पडू नका.

सासूसासरे फिरायला येतील तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी लाइन घेऊ नका, महिन्याचं प्रीपेड सिम आणि त्यांचाच फोन, फक्त वरची आयएमईआयची तपासणी त्यांच्या फोनचीपण आधीच करून ठेवा.