ख्रिसमस मार्केट बघायला २६ डिसेंबरला न्यूरेंबर्गला पोहोचलो तर चालेल का?

नाही हो, तिकीट आधीचं काढा. तिथला ख्रिसमस बाजार, ख्रिस्टकिंडलेसमार्क्ट, पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या) आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारीच आवरतो. २५ आणि २६ला तर जर्मनीत सरकारी सुट्टी, साधी दुकानंही बंद.

जमलं तर मधल्या वारी, दुपारी बाराच्या आत बाजार भरतो त्या हाउप्टमार्क्ट चौकात पोहोचा. बाराच्या ठोक्याला तिथल्या फ्राउएनकिर्श चर्चच्या घड्याळातून सम्राट निवडणाऱ्या सात अधिपतींच्या बाहुल्या निघून सम्राटाभोवती फेऱ्या घालतात. शनिवारी संध्याकाळी मात्र पाय ठेवायला जागा नसते.

खाण्यात बोटभर लांबीचे तीन सॉसेज घातलेला पाव तिथला खास. शाकाहारी असाल तर बटाट्याचे किसून तळलेले पॅनकेक घ्या, सोबत सफरचंदाचा गर देतात (विचित्र वाटतं, पण जमतं). लेबकुखन (मसालेदार जर्मन केक-बिस्किट) घेताना ‘एलिझेन’ मागा, त्यात पीठ जेमतेम आणि सुकामेवा भरपूर. ग्लूवाइनच्या (गरम मसालेदार वाइनच्या) कपाचं डिपॉझिट आधीच घेतात; कप परत केला की पैसे परत, आवडला तर घरी न्या. मुलांना बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो.

आणि बूट जाड तळव्याचे घाला. फरसबंदीवर तासभर उभं राहिलं की थंडी पायातूनच चढते.