मेडिकलचे लांबलचक शब्द पाठच होत नाहीत, ते तोडून शिकायचे म्हणजे नक्की कसं?

तुम्ही लिहिलंय की बारावीपर्यंत मराठी मिडियम, आता जीएनएमचं (नर्सिंगच्या डिप्लोमाचं) पहिलं वर्ष, टर्म्स पाठ होत नाहीत आणि मॅडम सांगतात शब्द तोडा, पण तोडायचा कुठे तेच कळत नाही. मी पण झेडपीच्या शाळेतली, आता सर्जिकल वॉर्डला नऊ वर्षं झाली, त्यामुळे तुमची अडचण मला अगदी नीट माहितीय.

पहिली गोष्ट, शब्द मागून वाचायचा. कोलेसिस्टेक्टमी घ्या. शेवटी एक्टमी, म्हणजे कापून काढून टाकणं. आता पुढे या, कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. झालं, पित्ताची पिशवी काढायचं ऑपरेशन. आणि आपला पित्ताशय शब्द बघा, पित्त अधिक आशय, जोडणी तीच आहे. शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तत्पुरुषात शेवटचं पद मुख्य असतं, तसंच इथे. ॲपेंडिसायटिसला मराठी पुस्तकात आंत्रपुच्छदाह म्हणतात, त्यात शेवटचा दाह म्हणजेच आयटिस. गॅस्ट्रायटिस, नेफ्रायटिस, टॉन्सिलायटिस, कुठेही आयटिस दिसलं की दाह, सूज.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली आणि कळल्यावर इतका आनंद झाला की रात्री जागून वही नव्याने लिहिली. शब्दाच्या सुरुवातीला जे लागतं ना, त्यातलं बरंचसं आपल्याला आधीच येतं! ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, बहिणी म्हणा, त्यामुळे आपले उपसर्ग आणि त्यांचे उपसर्ग जुळतात. आपण अशक्त म्हणतो पण अनादर म्हणतो, म्हणजे व्यंजनापुढे अ आणि स्वरापुढे अन्. ग्रीकचा नियम पण हुबेहूब हाच. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, ॲन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ बंद. दुर्गंध, दुष्काळ मधला दुर् किंवा दुस् तोच तिकडे डिस, म्हणून डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, डिसयुरिया म्हणजे लघवीला त्रास. परिसर, परिघ मधला परि म्हणजे पेरि, म्हणून हृदयाभोवतीचं आवरण ते पेरिकार्डियम. हाडाचं ऑस्टिओ आणि आपलं अस्थि, दाताचं ओडोंटो आणि आपला दंत, हे पण मुळात एकच. स्नायूला मायो म्हणतात, तो मूळ ग्रीक शब्द उंदरालाही वापरायचे आणि तो आपल्या मूषकाचा नातेवाईक. हे एकदा कळलं की मायो विसरायला होत नाही.

हायपर आणि हायपो मात्र जिवाशी खेळ आहे, तिथे थांबून वाचा. ट्रेनिंगला असताना हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, मी हायपोग्लायसेमियाच्या (रक्तातली साखर कमी होण्याच्या) जागी हायपर वाचलं, सीनियर सिस्टरचं लक्ष चार्टवरच्या ५४ शुगरकडे गेलं म्हणून तिथेच सुधारलं, नाहीतर ग्लुकोज द्यायचं त्याच्या बरोबर उलट दिशेने विचार सुरू झाला असता. आजही अंगावर काटा येतो. हायपर म्हणजे आपलं उपरि, वर, जास्त. हायपो म्हणजे उप, खाली, उपनेता असतो ना नेत्याच्या खाली, तसं. तेव्हापासून मी कधी चुकले नाही.

एक्टमी, ऑटमी, ऑस्टमी पण असेच. ऑटमी म्हणजे फक्त कापणं, उघडणं, लॅपरॉटमी म्हणजे पोट उघडून बघणं. ऑस्टमीमध्ये स्टोमा आहे, स्टोमा म्हणजे तोंड, म्हणून कोलोस्टमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि तिथे आपण स्टोमा बॅग लावतो. पेशंटच्या नातेवाईकांना समजावताना मी "आतड्याला बाहेर नवीन तोंड केलंय" असंच सांगते, त्यांना लगेच कळतं.

किडनीला कधी नेफ्रो कधी रीनल का, यावर डोकं खाऊ नका, एक ग्रीक एक लॅटिन. साधारणपणे आजार आणि ऑपरेशनची नावं ग्रीक, शरीररचनेची लॅटिन, म्हणून नेफ्रायटिस पण रीनल आर्टरी.

आता जिथे तोडून फसायला होतं ते. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ रक्त नाही, पण प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी, गरोदर नसलेल्या बाईचं १२च्या खाली. ओमा म्हणजे गाठ, पण हिमॅटोमा ट्यूमर नसतो, साकळलेलं रक्त असतं. मायो स्नायू पण मायलो मज्जा. इलियम दोन आहेत, ऐकायला एकच, स्पेलिंगमध्ये एलनंतर ई असलेलं (ileum) लहान आतड्याचं टोक आणि एलनंतर आय असलेलं (ilium) कमरेचं हाड. युरेटर किडनीपासून ब्लॅडरपर्यंत, युरेथ्रा ब्लॅडरपासून बाहेर. आणि पार्किन्सन्ससारखी माणसांच्या नावाची असतात ती तुटतच नाहीत, सरळ पाठ करा.

यादी घेऊन बसू नका हो, ते दोन दिवसात उडतं. वॉर्डला असाल तेव्हा फाइलमधले रोज चार-पाच शब्द वहीत उतरवा, उभ्या रेघा मारून तोडा, खाली मराठीत विग्रह लिहा आणि मग त्या पेशंटकडे बघा. मलेरियाच्या पेशंटच्या सोनोग्राफीत हेपॅटोस्प्लिनोमेगॅली लिहिलेलं बऱ्याचदा सापडेल. हेपॅटो लिव्हर, स्प्लिनो प्लीहा, आता मेगॅलीचा अर्थ तुम्ही शोधा आणि कमेंटमध्ये पूर्ण विग्रह लिहा, मी बघते.